जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर लोकवर्गणीतून घालावे काय, आणि अनुदान नेमके कुठे अडते?

विचारणा: पालक, चोपडा तालुका

सर्वांना नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका लहान गावात शेती करतो. माझी मुलगी तिसरीत आणि मुलगा पहिलीत असून दोघेही गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. गेल्या वर्षी मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेण्यात आले आणि तेव्हापासून शाळेच्या पैशांचा कारभार जवळून पाहण्याची वेळ आली. जे पाहिले त्याने मन फार अस्वस्थ आहे, म्हणून जाणकारांपुढे सविस्तर मांडत आहे.

शाळा चौथीपर्यंत आहे. पट ४२ आणि शिक्षक दोन. जुन्या कौलारू इमारतीच्या तीन खोल्यांपैकी दोन खोल्या धोकादायक ठरवून तीन वर्षांपूर्वी बंद करण्यात आल्या. निर्लेखनाचा, म्हणजे जुने बांधकाम रद्द ठरवून पाडण्याचा, प्रस्ताव गेला, पाहणी झाली, बांधकाम विभागाचे एक साहेब येऊन भिंतींच्या तड्यांवर खडूने खुणा करून गेले. त्या खुणाही आता पावसाने धुऊन गेल्या आहेत, परंतु पुढे काहीच झाले नाही. उरलेल्या एका खोलीत पहिली-दुसरीची मुले एका भिंतीकडे तोंड करून आणि तिसरी-चौथीची दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसतात. एकीकडे बाराखडी चाललेली असते आणि त्याच वेळी पाठीमागे भागाकार. पाऊस वाऱ्यासह आला की खिडकीकडची रांग उठून मध्ये येते, दप्तरे टेबलावर रचली जातात, आणि गळतीखाली ठेवलेली बादली भरली की ती बाहेर ओतून आणण्यासाठी एक मूल नेमलेले असते. माझी मुलगी एके दिवशी घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगू लागली की आज बादलीची पाळी तिची होती. तिला त्यात वावगे काही वाटत नाही, याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटले.

वीजबिल थकल्यामुळे मीटर काढून नेले आहे. काही वर्षांपूर्वी गावाने वर्गणी करून घेतलेला टीव्ही चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलेला आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, परंतु मोटार चालत नसल्याने मुले घरून बाटल्या आणतात.

यंदा ग्रामस्थांनी ठरवले की बंद खोल्यांपैकी एका खोलीवर आपणच पत्रे टाकावेत. वर्गणीची वही फिरली आणि ६३,४०० रुपये जमले. त्या वहीत एका विधवा मजूर बाईंच्या नावापुढे ३०० रुपयांची नोंद आहे. कापूस वेचून आलेल्या मजुरीतून त्यांनी ते दिले आणि त्यांचे स्वतःचे कोणतेही मूल आता शाळेत नाही. ती नोंद वाचल्यापासून माझ्या मनात प्रश्न उभा राहिला आहे. आम्ही घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, खत, औषध, डिझेल अशा प्रत्येक वस्तूवर कर देतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी शासनाने कायद्याने स्वीकारलेली आहे. मग शाळेचे छप्पर मजुरी करणाऱ्या बाईच्या तीनशे रुपयांतून का घालावे लागते? शाळेसाठी येणारा पैसा किती असतो, तो कुठे अडतो आणि त्याचा जाब नेमका कोणाला विचारायचा? आणि वर्गणी लावून आपण शासनाची जबाबदारी हलकी करून देत आहोत काय? कृपया अनुभवाने उत्तर द्यावे.

प्रतिसाद १: निवृत्त मुख्याध्यापक, साक्री तालुका

पालक बंधू, आपल्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी एक गोष्ट अत्यंत कळकळीने सांगतो, कारण ती मुलांच्या जिवाशी संबंधित आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव प्रलंबित असलेल्या खोलीवर वर्गणीतून पत्रे टाकून मुले आत बसवू नका. छप्पर नवे झाले तरी भिंती जुन्याच राहतात आणि तडे भिंतींना गेलेले आहेत. शिवाय ज्या खोलीला शासनाने धोकादायक म्हटले आहे तिथे काही अघटित घडल्यास उत्तर मुख्याध्यापकांना आणि तुमच्या समितीला द्यावे लागेल. वर्गणीचा पैसा तूर्त तसाच राहू द्या.

आता पैशांविषयी. मी ३१ वर्षे नोकरी केली, त्यांपैकी शेवटची ११ मुख्याध्यापक म्हणून. शासन शिक्षणावर खर्चच करत नाही असे अनेकजण म्हणतात, ते बरोबर नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात शालेय शिक्षणाची रक्कम मोठी असते, परंतु तिचा फार मोठा वाटा वेतनाचा असतो. वेतन हा अपव्यय नाही. शिक्षकच नसेल तर शाळा कसली? पण वेतन वजा जाता प्रत्यक्ष शाळेच्या हाती जे पडते, ते इतके थोडे असते आणि इतक्या उशिरा येते की त्यात शाळा चालवणे म्हणजे मुख्याध्यापकाची दरवर्षीची परीक्षाच असते.

समग्र शिक्षा ही योजना २०१८ पासून आहे. तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. या योजनेतून शाळेला वर्षातून एकदा जे संयुक्त शाळा अनुदान मिळते ते पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये, २५० पर्यंत ५०,००० रुपये, अशी ती उतरंड आहे. आपला पट ४२ म्हणजे आपल्याला २५,००० रुपये. ही रक्कम मुलांमध्ये वाटून पाहा. वर्षाला एका मुलामागे ५९५ रुपये पडतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे एका मुलामागे दिवसाला तीन रुपयेसुद्धा पुरते भरत नाहीत. त्यातही किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी असा नियम आहे. नियम योग्यच आहे, परंतु वीजबिल, मोटारदुरुस्ती, नोंदवह्या, खडू, फळ्याचा रंग, तुटलेली कडी, पावसाळ्यानंतरची किरकोळ डागडुजी आणि ऑनलाइन माहिती भरण्यासाठी लागणारे इंटरनेट, हे सर्व उरलेल्या रकमेत बसवायचे असते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. उद्या आपल्या गावातील बारा मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत बसली की पट ३० वर येतो आणि अनुदान २५,००० वरून १०,००० वर. छप्पर तेवढेच, अंगण तेवढेच, विजेचा दर तोच, आणि पैसा मात्र निम्म्याहूनही कमी.

माझ्या शेवटच्या वर्षाची किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, मला अजून पाठ आहे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खात्यात काहीच नव्हते. पहिल्या आठवड्यात खडूच्या पेट्या, झाडू, फिनाईल आणि हजेरीपत्रके मी स्वतःच्या खिशातून आणली. दिवाळीपर्यंत दुकानदाराची उधारी ४,००० रुपयांवर गेली. अनुदानाचा पहिला हप्ता जानेवारीत दिसला आणि उरलेली रक्कम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. २०२१ पासून हा सर्व पैसा एकाच केंद्रीय खात्यातून मर्यादा लावून दिला जातो. शाळेच्या खात्यात तो शिल्लक राहत नाही. ३१ मार्चपर्यंत जे खर्च झाले नाही ते परत गेले. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत तालुक्यातील प्रत्येक मुख्याध्यापक दरपत्रके, देयके आणि प्रमाणके घेऊन धावत असतो, घाईत जे मिळेल ते घेतो आणि मग तपासणीत त्याच खरेदीवर आक्षेप निघतो. पैसा मंजूर झाला हे खरे, खर्च झाला हेही कागदावर खरे, परंतु जुलैत गळणाऱ्या कौलांना मार्चमध्ये आलेल्या पैशाचा काय उपयोग? अनुदान कुठे अडते असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की ते वेळेत अडते. जूनमध्ये आलेले दहा हजार मार्चमध्ये आलेल्या पंचवीस हजारांपेक्षा शाळेच्या अधिक कामाचे असतात.

वर्गखोलीच्या बांधकामाचा पैसा मात्र या अनुदानातून येत नाही. तो समग्र शिक्षेच्या बांधकाम तरतुदीतून, जिल्हा नियोजन समितीतून किंवा जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून येतो. त्यासाठी आपल्या हातात एक साधन आहे, ज्याचा उपयोग फार थोड्या समित्या करतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि कलम २२ असे सांगते की समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा व तोच आराखडा अनुदानाचा आधार मानला जावा. बहुतेक शाळांत हा आराखडा मागील वर्षाचा उतरवून काढलेला असतो आणि सदस्य केवळ सही करतात. तसे करू नका. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि सुरक्षित पिण्याचे पाणी ही मानके दिलेली आहेत. आपल्या शाळेत दोन शिक्षक आणि एक खोली आहे, म्हणजे मानकाचा भंग उघड आहे. हे आराखड्यात आकड्यांनिशी लिहा, सोबत छायाचित्रे जोडा आणि ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पोचपावतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.

लोकवर्गणीच्या मी विरोधात नाही, हेही सांगतो. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आमच्या गावाने दोन वर्गांच्या फरशा वर्गणीतून बसवल्या होत्या. ज्या गावाने आपल्या हाताने फरशी बसवली, ते गाव शाळेत रोज डोकावते आणि मास्तर उशिरा आला तर त्याला विचारते. ही जवळीक मला मोलाची वाटते. मात्र महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा गाभाच हा होता की सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि त्या रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर मात्र अत्यल्प खर्च होतो. आपण वहीतील तीनशे रुपयांच्या नोंदीविषयी लिहिले ते वाचून मला त्या निवेदनाचीच आठवण झाली.

प्रतिसाद २: ग्रामपंचायत सदस्य, यावल तालुका

गुरुजींनी शाळेच्या बाजूने सविस्तर लिहिले आहे, मी ग्रामपंचायतीच्या बाजूने थोडे लिहितो. वीज आणि पाणी या दोन गोष्टींसाठी तालुक्याकडे डोळे लावून बसण्याची आवश्यकता नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी थेट ग्रामपंचायतीला मिळाला, त्याचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होता आणि ४० टक्के अबंधित. शाळेची पाण्याची टाकी, हात धुण्याचे नळ आणि मुलींचे स्वच्छतागृह बंधित भागात बसतात. आमच्या गावात आम्ही याच मार्गाने मोटार बसवली. अट एकच आहे, ती म्हणजे काम गावाच्या विकास आराखड्यात असले पाहिजे. आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला शाळेतील पालक येत नाहीत. ते शेतात असतात आणि आराखड्यात मग गटारी व काँक्रीट रस्ते तेवढे जातात. आमच्याकडे केळीची कापणी चालू असताना भर दुपारी ग्रामसभा ठेवली होती आणि सभेला २२ माणसे आली. पुढच्या वेळी आम्ही ती रात्री आठ वाजता शाळेच्याच पटांगणात घेतली, तेव्हा महिलाच ऐंशीच्या वर आल्या आणि पहिला विषय मुलींच्या स्वच्छतागृहाचा निघाला.

एक अडचण मात्र खरी आहे. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक आला. पूर्वी गटाचा सदस्य निदान ओळखीचा असे. त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत होते आणि सेस फंडातून एखादी खोली मागता येत होती. प्रशासक वाईट असतो असे मी म्हणत नाही, परंतु त्याला गावात मत मागायला यायचे नसते. शाळेच्या खोलीसाठी भांडणारा माणूसच मधून निघून गेला, हे आपल्या भागाचे मोठे नुकसान आहे आणि त्याची चर्चा कुठेही होत नाही.

प्रतिसाद ३: पालक, अमळनेर

मी आपणा सर्वांपेक्षा वेगळा निर्णय घेतलेला माणूस आहे. त्याबद्दल मला दोष दिला जाईल हे ठाऊक असूनही लिहितो. मी खासगी नोकरीत आहे आणि गावाहून अमळनेरला ये-जा करतो. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घातले. शुल्क आणि गाडीभाडे मिळून वर्षाला ३४,००० रुपये जातात. इंग्रजीचा मोह हे त्याचे मुख्य कारण नव्हते. तिच्या शाळेत दोन शिक्षक होते. त्यांपैकी एक मतदार याद्यांच्या कामात आणि नंतर प्रशिक्षणात, आणि दुसऱ्या बाईंकडे चारही वर्ग. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांव्यतिरिक्त शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे, परंतु निवडणुकीच्या कामालाच आता वर्षभर अंत राहिलेला नाही. सलग सात आठवडे मुलीच्या वहीत गणिताचे एकही पान लिहिलेले नव्हते. बाईंचा त्यात काडीचाही दोष नव्हता. मी त्यांना भेटलो तेव्हा त्या ऑनलाइन माहिती भरत होत्या आणि दुसऱ्या हाताने पहिलीच्या मुलाची पेन्सिल टोकून देत होत्या.

आता मुलगी इंग्रजी कविता पाठ म्हणते, पण आजीला आलेले मराठी पत्र तिला वाचता येत नाही. माझ्या पगारातून आयकर कापला जातो आणि त्यावर उपकर लागतो. तो २००४ मध्ये शिक्षणासाठी २ टक्के होता आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून ४ टक्के आहे. म्हणजे शिक्षणासाठी मी शासनालाही देतो आणि संस्थेलाही देतो. तरीही मुलीला ज्या शाळेत मला मनापासून शिकवायचे होते त्या शाळेत शिकवू शकत नाही. माझ्यासारख्याने मूल काढले की पट घटतो आणि गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे अनुदान घटते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी थांबलो असतो काय, याचे प्रामाणिक उत्तर माझ्याजवळ नाही.

प्रतिसाद ४: शिक्षिका, धडगाव तालुका

सरांचे लिखाण वाचून पुष्कळ शिकायला मिळाले, परंतु लोकवर्गणीविषयी त्यांच्याशी नम्रपणे असहमती नोंदवते.

माझी शाळा सातपुड्यातील एका पाड्यावर आहे. पट २७ आहे, म्हणून अनुदान १०,००० रुपये. मुले घरी पावरी बोलतात, त्यामुळे पहिलीचे पहिले चार महिने पाठ्यपुस्तक उघडण्याआधी एकमेकांची भाषा शिकण्यात जातात आणि मी ते दिवस वाया गेले असे मानत नाही. दिवाळी झाली की पालक ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि लहान भावंडांना सांभाळण्यासाठी माझ्या वर्गातील मुलीही त्यांच्यासोबत जातात. ज्या दिवशी मुकादमाची गाडी पाड्याखाली उभी राहते, त्या दिवशी मी सकाळीच उतरून खाली जाते आणि जेवढ्या मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून घेता येईल तेवढ्यांसाठी विनवणी करते. गेल्या वर्षी नऊपैकी चार मुले राहिली.

अशा पाड्यावर वर्गणीची वही कोणापुढे धरायची? ज्या गावात कापूस, केळी आणि नोकरदार मुले आहेत तिथे ६३,००० रुपये जमतात. माझ्या पाड्यावर सर्व घरांनी मिळून दिले तरी फळ्याचा रंगसुद्धा येणार नाही. शाळा वर्गणीवर चालवायची प्रथा एकदा रुळली की चांगल्या स्थितीतील गावांच्या शाळा उभ्या राहतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात आणि साहजिकच अधिकारी आम्हाला विचारतात की त्या गावाने केले, मग तुमच्या गावाला का जमत नाही. मला हा प्रश्न एका बैठकीत सर्वांसमोर विचारला गेला आहे. त्या दिवशी मी काही बोलू शकले नाही. माझ्या पाड्यावरील माणसे शाळेसाठी लाकूड आणतात, पावसाआधी छप्पर शाकारतात, धान्याची पोती डोक्यावरून वर चढवतात. त्यांचे हे कष्ट वर्गणीच्या कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत.

पोषण आहाराचेच पाहा. तांदूळ येतो, आणि बाकी साहित्यासाठी व इंधनासाठी पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे हा मे २०२५ पासूनचा दर आहे. २७ मुलांचे १८३ रुपये होतात. त्यात तेल, डाळ, भाजी आणि मसाला बसवायचा. बाजार २० किलोमीटरवर, आणि तिथपर्यंत जाण्या-येण्याचे भाडेच शंभराच्या वर. भाजी मग शेतातून कोणीतरी देते म्हणून ताटात पडते.

पटाची गोष्ट आमच्याकडे आणखी कठीण आहे. शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे पटावरून होणाऱ्या पदमंजुरीत, ठरतात आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट व आधारची पडताळणी धरली जाते. ज्या मुलाचा जन्म उसाच्या फडात झाला त्याचा जन्मदाखला कुठून आणायचा? मूल माझ्यासमोर बसून वाचत असते आणि नोंदीत ते नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले, तेव्हा उदाहरण म्हणून आमच्याच तालुक्यातील तोरणमाळचे नाव दिले गेले. मोठ्या मुलांसाठी निवासी शाळेचा उपयोग होतो, हे मी नाकारणार नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलाला दोन डोंगर ओलांडून पलीकडे पाठवायला कोणतीही आई तयार होत नाही. ती शाळाच सोडवते. नियमाने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे, आणि तो एक किलोमीटर सपाटीवर जितका असतो तितका सातपुड्यात नसतो.

पैसा वरून खाली येताना किती जागी थांबतो याचे आणखी एक उदाहरण देते. गणवेशाची खरेदी पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच करत असे. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश देण्याचे ठरले आणि कापड वरून येऊ लागले. स्वातंत्र्यदिनाला माझ्या मुलांनी घरचेच कपडे धुऊन घातले होते. पुढच्या वर्षी ते काम पुन्हा समित्यांकडे आले. समितीच्या हाती पैसा वेळेत दिला तर काम होते, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करावे असे सुचवले, २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला आणि देश अजून तिथपर्यंत पोहोचलेला नाही. तो आकडा गाठला जात नाही म्हणून जी उणीव राहते, ती भरून काढण्याची जबाबदारी पाड्यावरील माणसांवर टाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. दादा, आपल्या गावाने वर्गणी काढली म्हणून मी दोष देत नाही. परंतु त्या पैशातून छप्पर झाले तर आपल्या शाळेचे नाव मागणीच्या यादीतून निघेल, आणि ते छप्पर शासनाने द्यायचे होते हे पाच वर्षांनी कोणालाच आठवणार नाही.

प्रतिसाद ५: निवृत्त मुख्याध्यापक, साक्री तालुका

ताई, आपले म्हणणे मला पटले. फरशा बसवल्याचा आनंद मी सांगितला, परंतु त्याच वर्षी आमच्या केंद्रातील डोंगराकडच्या दोन शाळांना काहीच मिळाले नव्हते, हे मी लिहायला हवे होते. तेव्हा माझ्या मनात तो विचार आला नाही.

एक स्पष्टीकरण मात्र आवश्यक वाटते. खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के प्रवेशांपोटी शासन एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती देते आणि आपल्या शाळेला मुलामागे ५९५ रुपये, अशी तुलना काहीजण करतात. ती सरळ नाही, कारण खासगी शाळेच्या रकमेत शिक्षकांचा पगार धरलेला असतो आणि आपल्या ५९५ मध्ये तो नसतो. आपली बाजू खरी आहे, म्हणून तिच्यात कच्चा आकडा घालू नये. अधिकारी नेमका तोच धरून बाकीचे सर्व बाजूला सारतात. अर्जात केवळ मिळालेली रक्कम, ती मिळाल्याची तारीख आणि कायद्यातील मानक या तीनच गोष्टी लिहाव्यात.

मूळ विचारणा करणारे पालक, चोपडा तालुका

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री समितीची बैठक शाळेतच कंदिलावर घेतली. पत्रे टाकण्याचा विचार सोडून दिला आहे. मुख्याध्यापकांनी जुने दप्तर काढले तेव्हा निर्लेखनाच्या प्रस्तावाची स्थळप्रत सापडली. तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख स्पष्ट दिसते. त्या क्रमांकावर पुढे काय कार्यवाही झाली, याची विचारणा करणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी स्वतःच्या नावाने देत आहे, कारण शिक्षकांनी दिला तर त्यांना त्रास होईल. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करीन. गेल्या तीन वर्षांत अनुदान कोणत्या तारखांना जमा झाले, त्याची यादीही किर्दीवरून उतरवून घेतली आहे. तीनपैकी दोन वर्षी ते मार्चमध्येच आलेले आहे.

विकास आराखड्यात दोन नव्या खोल्यांची मागणी घातली आहे. मोटार आणि वीज यांचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडायचा असून सभा रात्री घेण्याची विनंती सरपंचांना लेखी केली आहे. वर्गणीबाबत मात्र बैठकीत एकमत झाले नाही. काहींचे म्हणणे पैसे परत करावेत, काहींचे म्हणणे वीजबिलाची थकबाकी तेवढी भरून मीटर परत आणावे, कारण पावसाळ्यात खोलीत दिवसाही अंधार असतो आणि मुलांना फळा दिसत नाही. धडगावच्या ताईंचे लिखाण मी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. ज्या बाईंनी तीनशे रुपये दिले होते त्याही दाराशी बसून ऐकत होत्या. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की पैसे परत नकोत, आधी पोरांना उजेड द्या. उद्या मी थकबाकीचा नेमका आकडा घेण्यासाठी तालुक्याला जात आहे. ती रक्कम भरली तरी शासनाकडे ती परत मागण्याचा ठराव त्याच दिवशी करता येतो काय, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.